अक्षर, उच्चार आणि सांधा : मराठीतील दीर्घ सामासिक शब्दांच्या उच्चारविभागणीचा इतिहास
(चिखली व पिंपरी-चिंचवड परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :

मराठीत अनेक पदे जोडून एक लांब शब्द तयार करण्याची परंपरा जुनी आहे. असा शब्द लिहिताना त्यातील पदांचा सांधा बहुधा दाखविला जात नाही. उच्चार मात्र त्या सांध्यावरच अवलंबून असतो. त्यामुळे शब्द कोठे तोडायचा हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. अभंगगायन, मोडी लेखन, शिवकालीन राज्यव्यवहारकोश, एकोणिसाव्या शतकातील मुद्रण आणि १९६० नंतरची शासकीय परिभाषा या टप्प्यांतून ही जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, याचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

बीजशब्द : सामासिक शब्द, उच्चारखंड, अ-लोप, मोडी लिपी, राज्यव्यवहारकोश, शासकीय परिभाषा, चिखली.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील चिखली हे इंद्रायणीकाठचे जुने गाव. वारकरी परंपरेत ते ‘टाळगाव चिखली’ या नावाने ओळखले जाते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज गावाच्या आसपास जाधववाडी, कुदळवाडी, घरकुल वसाहत, जलशुद्धीकरण केंद्र व मैलाशुद्धीकरण केंद्र अशी नावे फलकांवर दिसतात. ही नावे वाचताना मराठीच्या उच्चारव्यवस्थेचा एक मूलभूत नियम सहज लक्षात येतो. गावाचे नाव लिहिताना ‘चि-ख-ली’ अशी तीन अक्षरे येतात, परंतु बोलताना ‘चिख्-ली’ असे दोनच खंड होतात. याउलट ‘चिखल’ हा शब्द ‘चि-खल्’ असा उच्चारला जातो. पहिल्या शब्दात ‘ख’मधील अ लोपतो, तर दुसऱ्यात तोच अ टिकतो आणि शेवटच्या ‘ल’मधील अ लोपतो. लिपी मात्र दोन्हीकडे सारखीच राहते.

प्रस्तुत लेखात लिहिलेल्या एककाला ‘अक्षर’ आणि एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या एककाला ‘उच्चारखंड’ म्हटले आहे. साध्या शब्दात या दोहोंतील अंतर सवयीने भरून निघते. दीर्घ सामासिक शब्दात ते तसे भरून निघत नाही, कारण तेथे अ कोठे लोपणार हे पदांच्या सांध्यावर ठरते. ‘जाधववाडी’ या नावात दोन ‘व’ लागोपाठ येतात. त्यांपैकी पहिला ‘जाधव’चा व दुसरा ‘वाडी’चा, हे ज्याला माहीत आहे तो ‘जा-धव्-वा-डी’ असे सहज म्हणतो. ज्याला ते माहीत नाही तो तेथे क्षणभर थांबतो. त्या थांबण्यामागे मोठा इतिहास आहे.

२. अभंगाचे अक्षर

मराठीत अक्षरे मोजण्याची सर्वांत लोकाभिमुख शाळा म्हणजे ओवी व अभंग. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा व चौथ्यात चार अक्षरे असतात. लहान अभंगाच्या चरणात सर्वसाधारणपणे आठ अक्षरे असतात. ही मोजणी लिहिलेल्या अक्षरांची आहे, बोलीतील उच्चारखंडांची नाही. बोलताना ज्या अकाराचा लोप होतो तो अभंग म्हणताना पुन्हा उच्चारला जातो. ‘विठ्ठल’ या शब्दाच्या शेवटचा अ बोलण्यात ऐकू येत नाही, मात्र गाताना तो टाळाच्या ठेक्यावर स्पष्ट येतो. माधव त्रिंबक पटवर्धन यांनी ‘छंदोरचना’ (१९३७) या ग्रंथात मराठी पद्याची छंद, वृत्त व जाती अशी मांडणी केली. तीत अक्षरसंख्येवर चालणाऱ्या छंदांना स्वतंत्र स्थान दिले, त्यामागे हेच वास्तव आहे.

या दृष्टीने चिखलीचे स्थान अर्थपूर्ण ठरते. संत तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांत मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकर यांचे नाव परंपरेने घेतले जाते. अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाडे व गंगाधरपंत मवाळ यांची नावे येतात. त्यांपैकी संताजींचा संबंध चाकण व सुदुंबरे या गावांशी जोडला जातो. म्हणजे आज जो पट्टा औद्योगिक म्हणून ओळखला जातो, तो सतराव्या शतकात अक्षर ऐकणाऱ्यांचा, धरणाऱ्यांचा व लिहिणाऱ्यांचा प्रदेश होता. निरक्षर श्रोत्यालाही शब्द कोठे तुटतो हे टाळाचा ठेका सांगत असे. शब्द लांब असला तरी त्यातील प्रत्येक अक्षराला गाण्यात स्वतःची जागा मिळत होती.

गोव्यातील ‘क्रिस्तपुराण’ हा याच गोष्टीचा स्वतंत्र पुरावा मानता येईल. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ प्रथम १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. देवनागरीत अकार अक्षरातच गृहीत असतो, तर रोमन लिपीत तो स्वतंत्र लिहावा लागतो. क्रिस्तपुराणाच्या उपलब्ध रोमन पाठात शब्दांच्या अंतीचा अ लिहिलेला आढळतो. म्हणजेच पद्यात ते अक्षर पूर्ण धरण्याची रीत होती.

३. मोडी आणि फारसी जोडशब्द

पद्यात अक्षर सांभाळले जात असताना दफ्तरात वेगळीच प्रक्रिया चालू होती. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळला जात नसे आणि दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धतही नव्हती. सबंध ओळ एका रेघेखाली सलग चाले. अशा लेखनात सामासिक शब्दाचा सांधाच काय, एका शब्दाचा शेवट व दुसऱ्याचा आरंभही वाचणाऱ्यालाच ठरवावा लागे. कारकुनाला हे अवघड जात नसे, कारण पत्राचे मायने ठरलेले होते आणि वाचणारा व लिहिणारा एकाच व्यवसायातले होते.

या दफ्तरातील अधिकारपदांची नावेही मुळात जोडशब्दच होती, परंतु फारसी घडणीची. ‘वाकिया’ म्हणजे घडलेली हकीकत व ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा, यांपासून ‘वाकनीस’ झाला. फर्द लिहिणारा तो ‘फडणीस’ आणि फारसी लिहिणारा तो ‘पारसनीस’. ‘नवीस’मधील ‘न-वीस्’ हे दोन खंड मराठी माणसाच्या तोंडी ‘नीस्’ या एका खंडात मावले. त्यामुळे लांबलचक पदनाम बोलण्यापुरते आटोपशीर झाले आणि पुढे आडनाव म्हणून कायम राहिले. येथे शब्द आखूड करणारी कोणतीही समिती नव्हती. रोजच्या वापराने सांधा झिजला व शब्द तोंडात बसला.

औद्योगिक पट्ट्याच्या आजच्या भाषेतही या घडणीचे शब्द भक्कमपणे उभे आहेत. ‘कारखानदार’ या शब्दात सहा अक्षरे आहेत, मात्र उच्चारखंड ‘कार्-खान्-दार्’ असे तीनच आहेत. ‘कामगार’मध्ये चार अक्षरे व दोनच खंड आहेत. अक्षरसंख्येच्या निम्म्याच खंडांत हे शब्द संपतात. त्यांच्या लोकप्रियतेमागे अर्थाइतकाच उच्चाराचाही वाटा असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

४. राज्यव्यवहारकोश : परिभाषेचा पहिला प्रयत्न

६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी फारसी राजभाषेच्या जागी संस्कृत परिभाषा आणण्याचे कार्य रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे सोपविले. त्यातून इ.स. १६७७ च्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्याच्या दहा वर्गांत सुमारे १,३८० शब्दांना पर्याय देण्यात आले. अष्टप्रधानांच्या पदांतही हा बदल दिसतो. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत व सरनोबताचा सेनापती झाला.

या कोशाचे राजकीय महत्त्व इतिहासकारांनी विस्ताराने सांगितले आहे. उच्चाराच्या दृष्टीने त्याची दोन वैशिष्ट्ये नोंदवावीशी वाटतात. पहिले असे की कोश पद्यबद्ध आहे. पद्यात बसविलेल्या शब्दाची अक्षरे व त्यांचा क्रम निश्चित राहतो आणि शब्द पाठांतराने पुढे जातो. दुसरे असे की मुख्य पदनामांसाठी आखूड शब्द निवडलेले दिसतात. अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत हे सर्व तीन अक्षरांच्या आतले आहेत. फारसी जोडशब्दांची जागा घेताना नव्या शब्दाने बोलणाऱ्यावर अधिक भार टाकलेला नाही. असे असूनही फडणीस, चिटणीस, मामलेदार हे शब्द पेशवाईत व पुढेही चालत राहिले. राजाज्ञेने शब्द दिला तरी तो टिकविणे बोलणाऱ्यांच्याच हाती असते, हे यावरून स्पष्ट होते.

५. डॅनिश वसाहतीत छापलेले मराठी व्याकरण

मुद्रणाच्या आगमनाने सांध्याचा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला गेला. वैजनाथ शर्मा या पंडितांचे त्यांना साहाय्य होते. त्या काळी श्रीरामपूर ही ब्रिटिशांची नव्हे, तर डेन्मार्कची वसाहत होती. १७५५ पासून १८४५ पर्यंत तेथे डॅनिश अंमल होता व वसाहतीचे अधिकृत नाव फ्रेडरिक्सनगर असे होते. डॅनिश राजाचे नाव आणि ‘नगर’ हे भारतीय पद यांचा तो एक समासच म्हणता येईल.

हा योगायोग तुलनेसाठी उपयुक्त आहे, कारण डॅनिश हीदेखील लांब सामासिक शब्द जोडून लिहिणारी भाषा आहे. तिच्यात दोन, तीन किंवा अधिक नामे मोकळी जागा न सोडता एकत्र लिहिली जातात. परंतु तेथे वाचणाऱ्याच्या मदतीला काही खुणा असतात. अनेक समासांत दोन पदांच्या मध्ये ‘स’ किंवा ‘ए’ हा जोडवर्ण येतो. ‘काम’ व ‘जागा’ या अर्थांच्या पदांपासून बनलेल्या ‘कामाची जागा’ या अर्थाच्या डॅनिश शब्दात पहिल्या पदानंतर असा ‘स’ आहे. पहिल्या पदावर मुख्य व दुसऱ्यावर गौण आघात पडतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असल्यास तो पदांच्या सांध्यावर तोडावा, असा संकेत आहे. डॅनिश भाषेचे अधिकृत लेखन १९५५ साली स्थापन झालेली तेथील भाषा परिषद ठरविते आणि तिच्या शब्दलेखनकोशाचा आधार शाळा व शासन दोघेही घेतात. मराठीत जोडवर्ण नाही, शब्दातील आघातही तितका ठळक नाही. म्हणून मराठी वाचकाला सांध्याची जाण प्रामुख्याने शब्दसंग्रहातूनच मिळते.

मराठी मुद्रणात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत रूढ झाली. मेजर टॉमस कॅन्डी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) लिहून विरामचिन्हांना शिस्त आणली. शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी मुंबई सरकारच्या साहाय्याने तुकारामांची गाथा १८६९ व १८७३ अशा दोन भागांत प्रसिद्ध केली. पोथीतील सलग ओळी तेथे सुट्या शब्दांत वाचकासमोर आल्या. पूर्वी गायकाने ठरविलेली शब्दांची सीमा आता संपादक व जुळारी ठरवू लागले. शब्द व शब्द यांमधील सीमा अशा रीतीने दिसू लागली, मात्र एका सामासिक शब्दाच्या आतली सीमा अदृश्यच राहिली.

६. लेखनातील अर्धवट खुणा

असे असले तरी मराठी लेखनात सांध्याच्या काही खुणा आहेत. शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे ‘मंत्री’ हा शब्द स्वतंत्र असताना दीर्घ, पण ‘मंत्रिमंडळ’ या समासात ऱ्हस्व लिहिला जातो. ‘प्राणी’ व ‘प्राणिसंग्रहालय’ यांतही हाच भेद आहे. येथील पहिली वेलांटी ‘शब्द अजून संपलेला नाही, पुढे दुसरे पद आहे’ असे सांगते. डॅनिश भाषेतील जोडवर्णाचे काम काही अंशी ती करते. परंतु हा नियम तत्सम शब्दांपुरता मर्यादित आहे आणि बोलण्यात तो भेद फारसा ऐकू येत नाही. त्यामुळे ती खूण कानाची न राहता केवळ डोळ्यांची व शिक्षणाची होते.

चिखलीतील ‘जलशुद्धीकरण’ हा फलकावरील शब्द या संदर्भात उद्‌बोधक आहे. तो अनेकदा ‘शुद्धिकरण’ असा ऱ्हस्व लिहिलेला आढळतो. ‘शुद्धि’ व ‘करण’ यांचा समास समजून लेखक मंत्रिमंडळाचा नियम येथे लावतो. प्रत्यक्षात जे शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे या अर्थी ‘शुद्ध’ या विशेषणापासून ही घडण होते आणि संस्कृतच्या नियमाने तेथे दीर्घ ईकार येतो. म्हणजे वेलांटीतील चूक ही सांधा चुकीच्या जागी कल्पिल्यामुळे झालेली असते. शब्दाचा उच्चार ‘जल्-शुद्-धी-क-रण्’ असा पाच खंडांचा आहे, तर अक्षरे सात आहेत.

संधीमुळे सांधा पूर्णपणे नाहीसा होतो, असाही प्रकार आहे. ‘जिल्हाधिकारी’ या शब्दातील ‘हा’ हे अक्षर ‘जिल्हा’ व ‘अधिकारी’ या दोन्ही पदांचे आहे. ते कोणत्याही एका पदाकडे देता येत नाही. महानगरपालिकेच्या विभागांच्या नावांत ‘कर आकारणी’ हे दोन शब्द सुटे, तर ‘करसंकलन’ जोडून लिहिलेले दिसते. पहिल्या ठिकाणी संधी केला असता तर ‘कराकारणी’ हा दुर्बोध शब्द तयार झाला असता. व्यवहाराने तेथे व्याकरणापेक्षा वाचनीयता महत्त्वाची मानली.

७. विसाव्या शतकातील परिभाषा

विसाव्या शतकात परिभाषा घडविण्याचे कार्य पुन्हा जोमाने सुरू झाले. बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश प्रसिद्ध झाला. कोशाचे नावच दीर्घ समासाचा नमुना आहे. ते ‘श्री-स-या-जी-शा-सन्-शब्-द-कल्-प-त-रू’ असे बारा खंडांत वाचले जाते. ‘शासन’च्या अंतीचा अ लोपतो, मात्र ‘शब्द’ व ‘कल्प’ यांच्या अंतीचा अ जोडाक्षरामुळे टिकतो. एकाच शब्दात एका सांध्यावर एक नियम व दुसऱ्या सांध्यावर दुसरा नियम, असा हा प्रकार आहे. याच काळात वि. दा. सावरकर यांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’, ‘दिनांक’ यांसारखे आखूड शब्द आले व रुळले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली. १९६२ साली ‘पदनाम कोश’ निघाला आणि १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम संमत झाला. पदनाम कोशातील संस्कृतप्रचुर शब्दांवर मोठी टीका झाली. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले, हे सर्वश्रुत आहे. या टीकेचा रोख मुख्यत्वे शब्दांच्या दुर्बोधतेवर होता. येथे एक बाजू दुर्लक्षित राहिलेली दिसते. कोशाने प्रत्येक इंग्रजी पदनामाला मराठी शब्द दिला, तो कसा लिहावा हेही ठरविले, परंतु तो उच्चारताना कोठे तोडावा हे सांगण्याची गरज मानली गेली नाही. संस्कृत जाणणाऱ्या अभ्यासकांना ती जाणवली नसावी, कारण सांधा त्यांना न दाखविताही दिसत होता. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा व १९७२ च्या चार अशा एकूण अठरा लेखनविषयक नियमांचा भरही अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ व काही शब्दरूपे यांवर आहे.

राज्यव्यवहारकोशाशी तुलना केली असता फरक लक्षात येतो. सतराव्या शतकातील परिभाषा मूठभर मुत्सद्द्यांसाठी व लेखनिकांसाठी होती. १९६० नंतरची परिभाषा मात्र प्रत्येक नागरिकासाठी होती. अर्ज, पावती, सातबारा, करभरणा या सर्व ठिकाणी ती सामान्य माणसासमोर येणार होती. वाचकवर्ग विस्तारला, परंतु वाचकाला दिलेली साधने जुनीच राहिली.

८. औद्योगिक पट्ट्यातील शब्द

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व त्यानंतर या परिसराचे रूप वेगाने पालटले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका अशी प्रशासनाची रचना झाली. या प्रत्येक टप्प्यावर एक नवा लांब शब्द परिसराच्या बोलण्यात आला.

‘पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण’ या नावात एकूण वीस अक्षरे असून त्यांचे उच्चारखंड तेरा होतात. त्यांतील ‘नवनगर’ हा शब्द प्रस्तुत विवेचनाचा कळीचा दाखला आहे. मराठीच्या सर्वसाधारण अ-लोपाच्या नियमाने हा शब्द सांधा न ओळखता वाचला तर ‘न-वन्-गर्’ असा होतो. ‘नव’ अधिक ‘नगर’ हा सांधा ओळखणारा तो ‘नव्-न-गर्’ असा वाचतो. दोन्ही उच्चारांत खंड तीनच आहेत, लिपी एकच आहे, परंतु पहिल्या उच्चारात अर्थ हरवतो. ‘उपनगर’ या शब्दातही ‘उ-पन्-गर्’ होण्याचा असाच धोका आहे. योग्य उच्चार हा वाचनाचा परिणाम नसून आधीच असलेल्या ज्ञानाचा परिणाम आहे, हे यातून सिद्ध होते.

विभक्तिप्रत्यय लागल्यावर खंड पुन्हा हलतात. ‘प्राधिकरण’ हा शब्द ‘प्रा-धि-क-रण्’ असा चार खंडांचा आहे. ‘प्राधिकरणात’ म्हणताना तो ‘प्रा-धि-कर्-णात्’ असा होतो. ‘नगर’चे ‘नगरात’ होताना ‘न-गर्’चे ‘नग्-रात्’ होते. ‘चिंचवड’ या ग्रामनामात मात्र ‘चिंच’ व ‘वड’ यांचा सांधा इतका पक्का आहे की ‘चिंचवडात’ म्हणतानाही ‘चिंच्-व-डात्’ असेच खंड पडतात. स्थानिक माणसाला हा नियम कोणी शिकविलेला नसतो. परगावाहून आलेल्याला मात्र तो ऐकूनच आत्मसात करावा लागतो.

लोकव्यवहाराने या लांब शब्दांना दोन प्रकारे उत्तर दिले. पहिला प्रकार म्हणजे एकच पद उचलणे. निगडीकडील वसाहतीला लोक नुसते ‘प्राधिकरण’ म्हणू लागले. २०२१ साली ती संस्था पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाली, तरी वस्तीचे नाव म्हणून तो शब्द टिकून आहे. संस्थेच्या नावाचे ग्रामनाम होणे ही इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी घटना आहे. दुसरा प्रकार म्हणजे इंग्रजी आद्याक्षरे वापरणे. एमआयडीसी, पीसीएमसी, पीएमआरडीए ही रूपे आज मजुरापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांत प्रत्येक खंड स्पष्ट सुटा असतो व सांधा शोधावा लागत नाही. ही रूपे उच्चाराला नेहमीच आखूड असतात असेही नाही. ‘महानगरपालिका’ या शब्दात ‘म-हा-न-गर्-पा-लि-का’ असे सात खंड आहेत, तर ‘पीसीएमसी’त चार. परंतु ‘महामंडळ’ हा शब्द ‘एमआयडीसी’पेक्षा लांब नसूनही मागे पडला. केवळ लांबी हे कारण असते तर असे घडले नसते. निःसंदिग्धपणे वाचता व बोलता येणे हेही त्यामागील एक कारण असले पाहिजे.

सतराव्या शतकात ‘वाकियानवीस’चा ‘वाकनीस’ झाला, तेव्हा झिजलेला शब्द मराठीत राहिला. एकविसाव्या शतकात मात्र ‘महामंडळ’ झिजून लहान होत नाही. तो बाजूला पडतो व त्याच्या जागी इंग्रजी आद्याक्षरे येतात. या दोन प्रक्रियांतील फरक गंभीर आहे. पहिलीत बोलणाऱ्याने शब्द आपला करून घेतला होता. दुसरीत शब्द फलकावर राहतो व बोलणारा त्याच्यापासून दूर जातो.

९. आजचा प्रश्न

चिखली, कुदळवाडी, तळवडे, चाकण या परिसरात रोजगारासाठी राज्याच्या सर्व भागांतून व राज्याबाहेरूनही कुटुंबे येऊन स्थिरावली आहेत. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे झाले आहे. त्यामुळे घरी अन्य भाषा बोलणारी मुलेही मराठी वाचावयास शिकतात. त्यांना लिपी ओळखता येते, जोडाक्षरेही येतात. अडचण येते ती ‘नवनगर’ वा ‘जलनिःसारण’ यांसारख्या शब्दांत, जेथे प्रत्येक अक्षर ओळखूनही शब्द वाचता येत नाही. ही अडचण केवळ परभाषकांची नाही. घरात संस्कृतप्रचुर मराठी न ऐकलेल्या मराठी मुलाचीही तीच स्थिती असते. ज्याला शब्द उच्चारता येत नाही तो कार्यालयाच्या खिडकीशी तो शब्द वापरीत नाही. आपल्या हक्काच्या योजनेचे नाव तो दुसऱ्याकडून वदवून घेतो. म्हणून सांध्याचा प्रश्न व्याकरणापुरता मर्यादित न राहता नागरिकत्वाचा होतो.

येथे विरुद्ध बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. सामासिक शब्द जोडून लिहावा हा नियम अर्थाच्या दृष्टीने योग्य आहे. ‘महानगर पालिका’ असे तोडून लिहिल्याने वाचन सुलभ होते, परंतु शब्दाची एकता जाते. इंग्रजीच्या प्रभावाने समास तोडून लिहिण्याविषयी डेन्मार्कमध्येही अशीच तक्रार केली जाते. तेव्हा शब्द तोडून लिहिणे हा उपाय नव्हे. लेखन अखंड ठेवून उच्चारविभागणी स्वतंत्रपणे शिकविणे हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मराठीत लिहिलेले अक्षर व बोललेला उच्चारखंड यांत अंतर आहे. दीर्घ सामासिक शब्दात हे अंतर पदांच्या सांध्यावर अवलंबून असल्याने सांध्याचे ज्ञान ही योग्य वाचनाची पूर्वअट ठरते.

२) हे ज्ञान अभंगपरंपरेत गायनाने, मोडी दफ्तरात व्यवसायाच्या सरावाने व राज्यव्यवहारकोशात पद्यरचनेने पुढे जात होते. मुद्रण व शासकीय परिभाषा यांनी त्यासाठी नवे साधन निर्माण केले नाही. ऱ्हस्व वेलांटीसारख्या खुणा अपुऱ्या आहेत.

३) शिवकालीन परिभाषेतील प्रमुख पदनामे आखूड होती. १९६० नंतरची परिभाषा लांब समासांकडे झुकली व तिचा वाचकवर्ग मात्र सर्वसामान्य जनता हा होता. लोकव्यवहाराने एकच पद उचलून किंवा इंग्रजी आद्याक्षरे स्वीकारून त्यातून वाट काढली.

४) परिभाषाकोशांच्या पुढील आवृत्त्यांत प्रत्येक दीर्घ शब्दापुढे त्याची उच्चारविभागणी द्यावी. प्राथमिक शाळेत समास शिकविताना परिसरातील फलकांवरील नावांचा उपयोग करावा. जाधववाडी, नवनगर, जलशुद्धीकरण हे शब्द एका तासाच्या पाठासाठी पुरेसे आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. अभिजाततेचे पुरावे ताम्रपट, शिलालेख व ग्रंथ यांत शोधले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु भाषेचे आयुष्य तिच्या बोलणाऱ्यांवर अवलंबून असते. टाळगाव चिखलीत साडेतीनशे वर्षांपूर्वी एका टाळकऱ्याच्या ठेक्यावर अक्षर न शिकलेल्या माणसालाही शब्दाचा सांधा सापडत होता. त्याच गावातील फलकावरचा शब्द आज शाळेत जाणाऱ्या मुलाला न अडखळता वाचता यावा, एवढी व्यवस्था करणे हे भाषेच्या अभ्यासकांचे व शिक्षकांचे कर्तव्य ठरते.